गाठीला चाकू लागला की पेशी चवताळतात का?

पत्र: माझे मामा, वय ५१, काळाचौकीला राहतात. वीस वर्षं तंबाखू मळून डाव्या गालात धरायची सवय. गालाच्या आत दोन महिने बरी न होणारी जखम होती. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, निघाला. गाठ अडीच सेंटीमीटरची आहे, स्कॅनमध्ये मानेत काही दिसत नाही. तरी सर्जन म्हणतात, गालाबरोबर मानेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड्सही, काढायच्या. आजी म्हणते, कॅन्सरला चाकू लावला की तो चवताळतो, अंगभर होतो. मी फोनवर शोधलं तर 'ईएमटी' सापडलं. कॅन्सरच्या पेशी म्हणे रूप बदलून पसरतात. म्हणजे आजीचं खरं आहे की काय? ओळखीच्या एकाने रक्तातल्या कॅन्सर पेशी मोजायची महागडी तपासणी सुचवली आहे, दुसऱ्याने 'ईएमटी रोखणाऱ्या', हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणून दिल्यात. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, पण ती गणपतीच्या दहाच दिवस आधीची. मामा म्हणतात, गावाला जाऊन येतो, मग बघू. काय करावं?
एक भाची, परळ

उत्तर:

तारीख सोडू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आजींची भीती आणि तुम्ही वाचलेलं विज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या डोक्यात त्यांची गाठ बसली आहे, ती सोडवू. ईएमटी खरी आहे. ती चाकूमुळे सुरू होते, ही जोड मात्र तुमची.

गालाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचे थरावर थर. या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात आणि धरायचं काम मुख्यतः ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन करतं. पेशीच्या पडद्यातून त्याचे दाते बाहेर येतात आणि शेजारणीच्या दात्यांत अडकतात, पँटच्या चेनसारखे. आजूबाजूला कॅल्शियम असेल तरच ही चेन लागते. अशी पेशी जागा सोडत नाही, आणि चुकून सुटलीच तर एरवी मरते. तळाचा आधार सुटलेल्या अस्तर-पेशीने स्वतःला संपवायचं, असा शरीराचा नियमच आहे.

दुसऱ्या टोकाला मेसेन्कायमल पेशी. लांबट, सुट्या, कुणाशी फारसं देणंघेणं नसलेल्या. त्यांच्या अंगात व्हायमेंटिनचे धागे असतात, वाटेतलं कोलॅजन, म्हणजे मांसाला आधार देणारं प्रथिन, विरघळवणारी एन्झाइम्स त्या सोडतात आणि सरपटत पुढे जातात. अस्तराच्या पेशीने हा दुसरा अवतार घेणं म्हणजे इपिथेलियल-मेसेन्कायमल ट्रान्झिशन, ईएमटी. ही काही कॅन्सरने शोधलेली युक्ती नव्हे. गर्भात आपला चेहरा घडतो तो अशाच सुटून निघालेल्या पेशींपासून, आणि साधी जखम भरताना कडेच्या पेशी थोड्या सैल होतात तेव्हाही याच यंत्रणेचा एक भाग वापरला जातो. अमेरिकेतल्या एलिझाबेथ हे (Hay) या संशोधिकेने १९८२ साली अस्तराच्या पेशी कोलॅजनच्या जेलीत ठेवून त्या कशा लांबट होऊन सरकू लागतात ते दाखवलं. कॅन्सर ही जुनी, शरीरातलीच सोय चोरून वापरतो.

हे रूप बदलायला जनुकात नवा बिघाड लागत नाही, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. पोथी तीच राहते, वाचलं जाणारं पान बदलतं. स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब अशी नावं असलेली नियंत्रक प्रथिनं आहेत. त्यातलं स्नेल थेट ई-कॅडहेरिनच्या जनुकावर जाऊन बसतं आणि त्याचं वाचन बंद पाडतं. झेब आणि मिर-२०० नावाचा छोटा आरएनए यांचं हाडवैर: एक वाढला की दुसऱ्याला दाबतो. या ओढाताणीत पेशी या टोकाला किंवा त्या टोकाला जाते, आणि पुष्कळदा मध्येच थांबते. ही अधली अवस्थाही टिकाऊ असू शकते, हे गणिती मॉडेलांतून पुढे आलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मोहित कुमार जॉली यांचा गट याच अधल्या अवस्थांवर काम करतो.

म्हणून 'पेशी चांगली होती, मग वाईट झाली' असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. दिव्याच्या बटणापेक्षा पंख्याच्या रेग्युलेटरशी याचं साम्य जास्त, आणि तो दोन्हीकडे फिरतो. घातक ठरतात त्या बहुधा मधल्या आकड्यांवरच्या पेशी. पूर्ण सुटलेली पेशी एकटी पडते. अर्धी सुटलेली सरकूही शकते आणि शेजारणीचा हातही सोडत नाही. उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरवर २०१४ साली झालेल्या कामात असं दिसलं, की रक्तात एकेकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा घोळक्याने फिरणाऱ्यांची नवी गाठ धरायची ताकद २३ ते ५० पट जास्त असते. संध्याकाळच्या गर्दीत दादरला उतरायचं तर एकमेकांचा हात धरून उतरणारं टोळकं जसं पार होतं, तसंच.

आता चाकू. रेग्युलेटर फिरवतं कोण? गाठीभोवतीच्या फायब्रोब्लास्ट पेशींनी (आधाराचे धागे विणणाऱ्या पेशी) सोडलेलं टीजीएफ-बीटा हे निरोप नेणारं प्रथिन, गाठीच्या पोटात पडलेली ऑक्सिजनची टंचाई, आजूबाजूच्या मांसाचा कडकपणा, सततची सूज. हे सगळं मामांच्या गालात आत्ता, तुम्ही हे वाचत असताना चालू आहे. पेशी रक्तात सुटायलाही ऑपरेशनची वाट पाहत नाहीत. १९७५ साली मोठ्या उंदरांतल्या स्तनाच्या गाठींवर मोजणी झाली, तेव्हा एक ग्रॅम गाठीतून दिवसाला ३० ते ४० लाख पेशी रक्तात जाताना दिसल्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्या मरतात. रक्ताचा धक्का, रोगप्रतिकारक पेशी, आणि आठ-दहा मायक्रॉनच्या केशवाहिनीतून स्वतःचं त्याहून रुंद अंग ओढून न्यायचा त्रास. दहा हजारांत एकही पेशी नवी गाठ धरत नाही. पण खेप रोजची आहे, आणि ऑपरेशन पुढे ढकललेला प्रत्येक आठवडा म्हणजे त्या खेपांत सात दिवसांची भर.

आजींच्या बोलण्यात तथ्याचा एक कण आहे, तोही सांगायला हवा. अर्धवट ऑपरेशन खरंच वाईट. गाठीमुळे हलू लागलेली दाढ तपासणी न करता उपटणं, छोट्या दवाखान्यात 'वरवरची गाठ' म्हणून खरवडून काढणं, मानेतली गाठ मुळाचा शोध न घेता आधीच कापून काढणं. यात आजार मागे राहतो, जखम भरत नाही, पुढच्या सर्जनला कडा सापडत नाहीत, आणि सहा महिन्यांनी घरात म्हणतात 'चाकूने चवताळला'. चाकू लागल्याचा हा दोष नव्हे, तो अर्ध्यात थांबल्याचा. नीट ऑपरेशनात सर्जन दिसणाऱ्या गाठीभोवती चारही बाजूंनी आणि खालूनही साधारण एक सेंटीमीटर निरोगी मांस धरून काढतो. पुढे ते आक्रसतं, आणि रिपोर्टात ५ मिलिमीटर किंवा जास्त उरलं तर मार्जिन 'क्लिअर' धरतात. बायोप्सीनेही पसरत नाही. जखमेच्या कडेचा डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढल्याशिवाय कुणीही जबाबदार डॉक्टर ऑपरेशनला हात घालणार नाही.

ऑपरेशनात गाठ हाताळताना काही पेशी सुटतात का? सुटतात, आणि त्यावर आपल्या मुंबईतूनच महत्त्वाचं काम झालं आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १६०० स्त्रियांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ साली छापून आले. गाठ कापण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी तिच्याभोवती ०.५ टक्के लिडोकेन टोचलं. दाताच्या डॉक्टरकडे मिळतं तेच भूल देणारं औषध. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. पेशींच्या सरकण्याला लागणाऱ्या सोडियमच्या वाटा लिडोकेन बंद करतं, असा त्यामागचा तर्क. ही चाचणी स्तनाच्या कॅन्सरची होती, गालाच्या नाही, तेव्हा सर्जनपाशी तसा हट्ट धरू नका. पण बघा, चाकूच्या क्षणाचा धोका ज्यांनी सगळ्यात गंभीरपणे घेतला, त्यांनी चाकू बाजूला ठेवला नाही. त्याच्या आधी सुई घातली.

मग मान कशासाठी? इथे थोडं थांबू, कारण ईएमटी आणि मामांचं ऑपरेशन यांची भेट इथेच होते.

गालाच्या कॅन्सरची स्लाइड डोळ्यांसमोर आणा. गुलाबी-जांभळी. मधोमध पेशींची मोठी बेटं, त्यांच्या पोटात केराटिनचे, म्हणजे केस-नखांत असतं त्या प्रथिनाचे, गोळे, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशा चकत्या. हा भाग कॅन्सरचाच, पण बसका, अजून अस्तराचं वळण न सोडलेला. पॅथॉलॉजिस्ट तिथे फार रेंगाळत नाही, भिंग कडेला नेतो. गाठ जिथे निरोगी मांसात शिरते आहे तिथे बेटाची किनार फाटलेली असते. दोन-चार पेशी सुटून स्नायूच्या धाग्यांमध्ये घुसलेल्या, एक रांग मज्जातंतूच्या कडेने चाललेली. चारपर्यंत पेशींच्या अशा सुट्या पुंजक्याला 'बड' म्हणतात, झाडाला फुटतो तसा डोळा. २०१७ साली बॉस्टनच्या संशोधकांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या सुमारे ६००० पेशी एकेक करून वाचल्या, तेव्हा अर्धवट ईएमटी नेमकी या कडेला सापडली, फायब्रोब्लास्टना खेटून. पूर्ण मेसेन्कायमल झालेल्या पेशी नव्हत्याच. अस्तराची ओळख शाबूत आणि वर सरकण्याचा गुण, असा तो मामला. ज्यांच्या गाठीत हा प्रकार जास्त, त्यांच्या मानेत आजार पोचण्याचं प्रमाणही जास्त.

गालातून निघालेली पेशी लसिकावाहिनीतून पहिल्यांदा मानेतल्या लसिकाग्रंथींत येते. दोन-तीन मिलिमीटरचं ठाणं स्कॅनला दिसत नाही. 'मान स्वच्छ आहे' याचा अर्थ एवढाच, की दिसण्याइतकं मोठं काही नाही. टाटा मेमोरियलने याचीच परीक्षा घेतली: तोंडाचा लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर, मानेत काही लागत नाही, अशा रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची मान गाठीबरोबरच साफ केली, दुसऱ्यात वाट पाहिली आणि मानेत गाठ आली तरच काढली. निष्कर्ष २०१५ साली छापले गेले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. ५०० रुग्णांच्या त्या हिशेबात आजार उलटल्याच्या घटना पहिल्या गटात ८१, दुसऱ्यात १४६. आणि 'काही लागत नाही' म्हटलेल्या मानांपैकी जवळपास ३० टक्क्यांत सूक्ष्मदर्शकाखाली आजार निघाला. मामांच्या सर्जनने सांगितलेल्या ऑपरेशनला याच चाचणीचा आधार आहे. गाठ अडीच सेंटीमीटरची, मान स्वच्छ: मामा नेमके या चाचणीतल्या रुग्णांसारखेच.

त्याची किंमतही विचारून घ्या. जबड्याखालून मानेच्या मध्यापर्यंतचा भाग, म्हणजे लेव्हल एक ते तीन, साधारणपणे काढतात. खांद्याचा स्नायू चालवणारी नस तिथूनच जाते. ती जपतात, पण ओढली गेली की काही महिने हात खांद्याच्या वर उचलायला जड जातो. फिजिओथेरपी टाके सुकल्यावर लगेच सुरू करायची, 'बरं वाटल्यावर बघू' नाही.

ऑपरेशननंतर दहा-पंधरा दिवसांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या मांसाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा, रिपोर्ट येईल. 'ईएमटी' हा शब्द त्यात शोधू नका, नसतो. पण तिच्या पाऊलखुणा सगळ्या असतात, नावं वेगळी. डेप्थ ऑफ इन्व्हेजन म्हणजे गाठ अस्तराच्या तळापासून किती खोल गेली. ५ आणि १० मिलिमीटर या दोन रेषा. २०१८ पासून लागू झालेल्या स्टेजिंगमध्ये लांबी-रुंदीइतकंच याला वजन आहे. पीएनआय म्हणजे मज्जातंतूच्या कडेने शिरकाव, एलव्हीआय म्हणजे रक्त किंवा लसिकेच्या वाहिनीत शिरकाव. वर्स्ट पॅटर्न ऑफ इन्व्हेजन ५ लिहिलं असेल तर मुख्य गाठीपासून एक मिलिमीटर किंवा जास्त दूर सुटी बेटं सापडली असा अर्थ. मार्जिन मिलिमीटरमध्ये लिहिलंय का ते पाहा, नुसतं 'फ्री' पुरत नाही. मानेतल्या किती ग्रंथी तपासल्या हेही पाहा. १८ किंवा जास्त असतील तर मान नीट काढली आणि नीट तपासली, असं समजायला हरकत नाही. आणि ईएनई: ग्रंथीत आलेला आजार तिचं कवच फोडून बाहेर पडला का. या एका शब्दाने पुढचं बरंच ठरतं. कवच फुटलं असेल किंवा मार्जिनमध्ये आजार असेल तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिनची किमोही लागते. २००४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनंतर हा प्रघात पडला. यातलं काहीच नसेल, ग्रंथी कोऱ्या, खोली कमी, तर मामांची ऑपरेशनवरच सुटका होऊ शकते.

(रिपोर्टाचा विषय निघालाच आहे म्हणून: स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात 'ई-कॅडहेरिन निगेटिव्ह' वाचून कुणी घाबरलं असेल तर, लोब्युलर नावाच्या प्रकारात ते बहुतेकदा नसतंच. त्यावरून प्रकार ओळखतात, पसरल्याची ती खूण नाही.)

रक्ताच्या तपासणीचं थोडक्यात. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशी मोजण्याची जी मूळ, मान्यताप्राप्त पद्धत आहे ती साडेसात मिलिलिटर रक्त घेते आणि त्यातल्या अस्तराच्या पेशी एपकॅम नावाच्या प्रथिनाला गळ टाकून धरते. गंमत बघा: ज्या पेशीने ईएमटी केली तिने एपकॅम कमी केलेलं असतं, म्हणजे जिला पकडायचं तीच गळाला लागत नाही. शून्य आलं तरी 'पसरलं नाही' असं म्हणता येत नाही. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये पाच किंवा जास्त पेशी म्हणजे धोका जास्त, इतपत अर्थ २००४ सालापासून लावता येतो. पण तिथेही आकडा कमी झाला नाही म्हणून किमो लवकर बदलून पाहिली, तर आयुष्य वाढलं नाही. गालाच्या कॅन्सरमध्ये या आकड्यावर मामांचा एकही निर्णय बदलणार नाही. ते पैसे राखून ठेवा, ऑपरेशननंतर दूध-अंडी-प्रोटीन पावडर आणि टॅक्सीला लागतील.

कॅप्सूलची गोष्ट मात्र थोडी खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे, कारण 'ईएमटी रोखते' हा दावा ऐकायला बिनतोड वाटतो.

पसरायचं म्हणजे नुसतं निघायचं नाही, पोचल्यावर बिऱ्हाडही करायचं. सरपटणारी पेशी फारशी विभागत नाही. फुप्फुसात पोचून तिथे गाठ धरायची तर तिला पुन्हा अस्तराचं वळण घ्यावं लागतं. ही उलटी वाट, एमईटी. २०१२ साली उंदरांच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये ट्विस्ट हे नियंत्रक हवं तेव्हा चालू-बंद करून पाहिलं. ते चालूच ठेवलं तेव्हा पेशी रक्तात भरपूर उतरल्या, पण फुप्फुसांत गाठी फार कमी धरल्या. बंद केलं तेव्हा तिथे गाठी वाढल्या. आता विचार करा. मामांच्या शरीरात कुठे काही सुट्या पेशी आधीच निपचित बसल्या असतील आणि एखाद्या गोळीने खरंच 'ईएमटी उलटवली', तर ते त्यांना जागं करणंही ठरू शकतं. शिवाय ईएमटी रोखण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही कॅन्सरचं औषध आज दुकानात नाही. संशोधकांचंही यावर एकमत नाही. २०१५ साली उंदरांवरच्या दोन अभ्यासांनी तर म्हटलं, की ईएमटी अडवली तरी पसरणं थांबलं नाही, फक्त किमोला प्रतिसाद सुधारला. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी आक्षेप घेतले आणि वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

कर्क्युमिन तर इतकं लांब पोचतच नाही. काचेच्या बशीत ते पेशींवर थेट ओततात, पोटातून मात्र ते फारच थोडं शोषलं जातं आणि लिव्हर ते लगेच बाहेर काढतो. ग्रॅमच्या मापात गोळ्या घेतल्या तरी रक्तातली पातळी बशीतल्यापेक्षा कितीतरी खाली राहते. शोषण वाढवायला कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात, त्याने दुसऱ्या औषधांचं गणित बिघडू शकतं. लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, रक्तस्राव वाढायची शक्यता असते ती वेगळीच. आमटीतली हळद खुशाल चालू द्या. कॅप्सूल आजपासून बंद, आणि आजवर किती घेतल्या ते भूलतज्ज्ञाला सांगा. तंबाखूचंही खरं सांगा. ती ऑपरेशनच्या आदल्या रात्री सोडायची नाही, आज सोडायची. जखम भरण्यावर आणि पुढच्या रेडिएशनवर तिचा थेट परिणाम होतो.

आता दिवस मोजू. ऑपरेशन गणपतीच्या दहा दिवस आधी. म्हणजे चतुर्थीला मामांच्या नाकात बहुधा जेवणाची नळी असेल, मानेचे टाके नुकतेच निघालेले किंवा निघायचे. एसटीने कोकणात जायची ती वेळ नव्हे. आणि ऑपरेशनच गणपतीनंतर ढकललं, तर नवी तारीख परत येणाऱ्यांच्या गर्दीत मिळेल, ती दीड-दोन महिन्यांनीही असू शकते. अडीच सेंटीमीटरची गाठ तोवर अडीचची राहत नाही. मग स्टेज बदलते, कदाचित जबड्याचं हाडही काढावं लागतं.

रेडिएशन लागलंच, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे ३० शेक, एकूण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), सहा आठवडे. ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या शेकापर्यंत सगळं मिळून ११ आठवड्यांत बसवायचा प्रयत्न असतो. उरलेल्या पेशी मधल्या खंडांत जोमाने विभागतात, दर वाया दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास घटते. पाऊस, लोकल बंद, मशीन बंद, दिवाळी, कारणं निघतातच. शेक बुडला तर तो भरून कसा काढणार हे त्याच दिवशी विचारा. किडलेले दात असतील तर ते शेकाच्या निदान दोन आठवडे आधी काढून झालेले हवेत. शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडायची भीती असते. तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा, पण त्यांना कॅन्सरची फाइल दाखवा आणि गाठीशेजारच्या दाढेला सर्जनला विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रुग्णालयातच गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर धावाधाव करून उपयोग नाही.

तंबाखूने मामांचं तोंड आधीच कमी उघडत असेल. तीन बोटं उभी आत जातात का ते आज पाहा. ऑपरेशन आणि शेकानंतर ते आणखी आवळतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एकेक वाढवायची, हा साधा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतील. तो दिवसातून चार-पाच वेळा करायचा.

पुढे पहिली दोन वर्षं तपासणीला जात राहायचं, कारण उलटला तर बहुतेकदा याच काळात उलटतो. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, मग हळूहळू अंतर वाढतं. शेक मानेला दिला असेल तर सहा-बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी. हिला मात्र पैसे घाला.

गावच्या गणपतीचं मामांना असं सांगा: ऑपरेशन आता झालं आणि शेक लागलेच, तरी ते दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांत संपतात. तोंडाची सालं निघालेली आणि चव गेलेली असते, ती पुढच्या दोन-तीन महिन्यांत बरीचशी मार्गी लागते. शिमगा त्याच्याही पुढे. तेव्हा गावी जाता यावं. पालखीला मात्र डावा खांदा द्यायचा नाही. उजवा चालेल का, ते फिजिओथेरपिस्टला विचारून ठेवा.